शेवटच्याला पोचलं का?

यमुनाताई म्हात्रे यांच्यासमोर ‘सरासरी’ हा शब्द काढायचा नाही, हे आमच्या कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. हेल्मेट कुठं मिळतं, कँटीनमध्ये चहा कधी येतो आणि म्हात्रे मॅडमसमोर सरासरी म्हणायचं नाही, या क्रमाने. मला मात्र हे कुणीच सांगितलं नाही. मी प्रयोगशाळेत लागलो होतो, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळं आधीच माहीत असतं असा प्लँटमधल्या लोकांचा उगाचच समज असतो.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलावर चाचणीचे आकडे ठेवले आणि आदबीने म्हणालो, "मॅडम, सरासरी उत्तम आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आसपासच्या दोघांना एकदम बाहेरची कामं आठवली.

"घरात चार माणसं," त्या म्हणाल्या. "दोघांनी चार-चार भाकऱ्या हाणल्या, दोघं उपाशी झोपली. सरासरी माणशी दोन भाकऱ्या. उत्तम हाय ना? मग ती दोघं रडतात कशाला?"

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि सांगितलं की आता जा, आणि परत येशील तेव्हा उपाशी कोण आहे ते कळवायला ये. जाताना मागून हाक आली, "काय रे लॅब, ऐकलंस ना?" त्या दिवसापासून माझं नाव लॅब पडलं. आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं नाव यमुनाताईंनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. रोह्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी मिठाच्या पाण्यात वीज सोडून त्यातून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढायची. मी पेणचा. सकाळी रामवाडीला कंपनीची बस यायची, तिच्यात यमुनाताईही चढायच्या, आणि बस नागोठणं सोडून निडीच्या पुढे जाईपर्यंत डुलकी काढायचा बेत असलेल्या सगळ्यांच्या बेतावर पाणी पडायचं. त्यांचा आवाज खाडीच्या अलीकडून पलीकडच्या माणसाला हाक मारून तयार झालेला होता. बंद बसमध्ये तो मावत नसे.

त्या खाडीकडच्या गावातल्या. बापाचं मिठागर. मुंबईला जाऊन केमिकल इंजिनिअर झालेली त्या पंचक्रोशीतली पहिली मुलगी, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. विनय हा गुण त्यांना कुणी शिकवला नव्हता आणि त्यांना तो आवडतही नसावा. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, भक्कम. पंजाबी ड्रेसवर कंपनीचा निळा कोट. बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट कंपनीत मिळत नसत, म्हणून पुरुषांच्यातले सगळ्यात लहान बूट घेऊन पुढे कापूस कोंबायच्या आणि धाडधाड चालायच्या. मीटिंगमध्ये अगदी छापील मराठी आणि त्यात इंग्रजी शब्द. पण आनंद झाला की भाषा खाडीकडे वळायची. ‘नाही’चं ‘नाय’ झालं की आम्ही ओळखायचो, बाईंची स्वारी खूश आहे.

आणि त्यांचा तो प्रश्न. कंपनीत पेढे वाटले, बसमध्ये शेंगांची पुडी फिरली, पगाराच्या दिवशी रांग लागली, काहीही असो, यमुनाताई मान उंच करून विचारायच्या, "शेवटच्याला पोचलं का?" पोचलं असं कळल्याशिवाय स्वतः तोंडात घास घालायच्या नाहीत. आम्ही याची चेष्टा करायचो. पण पेढ्याचा बॉक्स आमच्याकडे रिकामा कधी आला नाही, हेही खरं.

त्यांच्या भाचीच्या हळदीला आम्ही काही जण त्यांच्या गावी गेलो होतो. मांडवात लांबलचक पंगती, मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. यमुनाताईंचं निरीक्षण असं की पंगतीच्या सुरुवातीला बसलेल्यांना नुसता रस्सा मिळतो आणि फोडी बादलीच्या तळाशी राहतात, किंवा वाढप्याच्या मेहुण्याच्या पानात जातात. म्हणून त्यांनी त्या दिवशी नवी पद्धत काढली. पंगतीच्या दोन्ही टोकांनी एकाच वेळी एक-एक वाढपी सोडायचा आणि बादली सतत ढवळत राहायचं. कागदावर योजना झकास होती. प्रत्यक्षात दोन्ही वाढपी मधोमध पोचले तेव्हा प्रत्येकाला वाटलं की मधल्यांना समोरच्याने वाढलं असेल. दोघंही तिथून माघारी फिरले. मधे नेमके मुलीचे सासरकडचे पाहुणे बसले होते.

दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बसली असती. यमुनाताई स्वतः बादली घेऊन धावल्या, पाहुण्यांना दुप्पट वाढलं, आणि रात्रभर ज्याला त्याला रंगवून सांगत राहिल्या की मधला माणूस कसा उपाशी राहतो हे आपल्याला आजच कळलं. चूक सापडली की त्यांना नवं लुगडं मिळाल्यासारखा आनंद व्हायचा. मग ती स्वतःची का असेना.

आता त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या कामाशिवाय यमुनाताई सांगताच येणार नाहीत. आमच्याकडे दोन हॉल होते. जुन्या हॉलमध्ये पाऱ्याचे सेल. लांबच्या लांब उताराची पात्रं, तळातून पारा वाहतोय, वरून मिठाचं पाणी. नव्या हॉलमध्ये पाऱ्याचा थेंब नाही. तिथं चपटे सेल कपाटात पुस्तकं लावावीत तसे एकमेकांना खेटून उभे होते आणि प्रत्येक सेलमध्ये एक पातळ, परदेशातून आणलेला पडदा. खालून एक मुख्य पाइप जायचा, त्यातून प्रत्येक सेलला एक बारीक नळी. मिठाचं पाणी त्या नळीने वर चढायचं. प्रत्येक सेलला सारखं पाणी मिळालं तर सगळं सुरळीत. एखाद्याला कमी मिळालं तर त्यातलं मीठ लवकर संपतं, सेल तापतो, पडद्याला फोड येतात आणि तो पडदा वाया जातो. सगळा खेळ सारखं वाटण्याचा.

आणि तोच खेळ जमत नव्हता. नवा हॉल सुरू केला की काही दिवसांत पडदे खराब. बाहेर पडणारं पाणी सगळ्या सेलचं एकत्र येत असे आणि मी तेच तपासत असे. ते नेहमी उत्तम. म्हणजे तीच ती सरासरी. मुंबईच्या हेड ऑफिसात कुजबुज सुरू झाली की हे नवं प्रकरण आपल्याला मानवत नाही, विकून टाकावं आणि जुना हॉलच चालू ठेवावा.

यमुनाताईंना हे ऐकवत नव्हतं, आणि त्याचं कारण जुन्या हॉलमध्ये कामाला होतं. त्यांचा थोरला भाऊ, बाळाराम. त्या त्याला दादूस म्हणत.

दादूस बहिणीच्या अगदी उलट. उंच, सावकाश, मिशीतल्या मिशीत हसणारा. कंपनीत लागण्याआधी आणि नंतरही दर वर्षी पावसाळ्यात रजा टाकून तो हमरापूरला मेव्हण्याच्या मूर्तींच्या कारखान्यात बसायचा आणि गणपतीचे डोळे आखायचा. मूर्ती कुणीही रंगवतो, पण डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा. मेव्हणा ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती दादूससाठी बाजूला ठेवायचा. माझ्या घरचा गणपतीही त्यांतलाच. आरतीला उभं राहिलं की तो आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं, कुठंही उभे राहा.

मी कंपनीत आलो त्याच्या पुढच्या वर्षी दादूस हमरापूरला गेला नाही. यंदा रंग बरोबर आला नाही, असं म्हणाला. पुढच्या वर्षी म्हणाला, गुडघे दुखतात. पण कँटीनमध्ये तो चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा आणि तरीही चहा हिंदकळायचा. कुणी बघितलं की म्हणायचा, लय गरम हाय. पाऱ्याच्या हॉलमध्ये बरीच वर्षं काढलेल्या माणसाचे हात असे होतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यासमोर कुणी बोलत नसे.

यमुनाताई बोलल्या. त्यांनी मॅनेजरसाहेबांकडून दादूसची बदली मिठाच्या गोदामात मंजूर करून आणली होती. कँटीनच्या मागे पिंपळाखाली त्या त्याला हे सांगत होत्या तेव्हा मी तिथेच होतो. दादूसने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या जागी दुसरा येल ना गो, यमे," तो म्हणाला. "त्याला कुठं बदलशील?"

यमुनाताई उठल्या, बूट धाडधाड वाजवत थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या की नवा हॉल मी चालवून दाखवते, मग जुना बंद करा.

साहेब माणूस भला होता. त्यांनी हेड ऑफिसशी बोलून एक संधी मिळवली. वार्षिक दुरुस्तीसाठी प्लँट बंद राहणार होता, तेवढ्यात काय ते करायचं. त्यानंतर गणपतीपर्यंत नवा हॉल एकही पडदा न बिघडता चालला, तर हेड ऑफिस दुसरा संच मागवेल आणि पाऱ्याचा हॉल कायमचा बंद होईल. एक जरी पडदा गेला तरी नवा हॉल भंगारात आणि पारा चालू. दादूस तिथंच राहणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

यमुनाताईंना आकाश ठेंगणं झालं. बसमध्ये त्या दिवशी कुणालाच झोपू दिलं नाही. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं. मिठागरात खाडीचं पाणी एका चरातून येतं आणि ओळीने एकेका वाफ्यात सोडतात. शेवटच्या वाफ्यापर्यंत येताना पाणी दमतं. म्हणून त्यांचे वडील पहिल्या वाफ्याचं तोंड लहान ठेवत आणि शेवटच्याचं रुंद. बस्स. नव्या हॉलमध्येही तेच करायचं. प्रत्येक नळीच्या तोंडाशी छिद्राची एक चकती बसवायची, पहिल्या सेलला बारीक छिद्र, पुढे वाढत वाढत शेवटच्याला सगळ्यात मोठं.

उपाशी राहणारे सेल शेवटचेच आहेत कशावरून, असं मी विचारलं. कारण खराब झालेले पडदे फिटरनी काढून एकावर एक रचले होते, कुठला पडदा कुठल्या सेलचा हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. शेवटचाच उपाशी राहतो, लॅब, त्या म्हणाल्या, जगाची रीत आहे.

चकत्यांचं काम रामवाडीच्या सलीमभाईंकडे. त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, हात सोन्यासारखा आणि स्वभाव कुरकुऱ्या. एकाच मापाच्या चकत्या मागायच्या सोडून ही बाई प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा केसभर मोठं मागते, हे त्यांच्या पचनी पडेना. पण यमुनाताई स्टूल टाकून तिथेच बसल्या, स्वतःच्या आणि सलीमभाईंच्या चहाच्या फेऱ्या केल्या, आणि चकत्या अशा उतरल्या की ओळीने मांडल्यावर बघत राहावं.

सेलवर चढवण्याआधी नुसत्या पाण्यावर परीक्षा घ्यायची ठरली. प्लँटच्या मागच्या अंगणात मुख्य पाइप आडवा टाकला, नळ्या जोडल्या, चकत्या बसवल्या. प्रत्येक नळीखाली एकसारखं भांडं हवं, म्हणून यमुनाताईंनी पेणच्या मांडववाल्याकडून वाढपाच्या स्टीलच्या बादल्या आणल्या. उन्हात ती बादल्यांची पंगत अशी चकाकत होती की कँटीनचा आचारीही झारा घेऊन बघायला आला. दुरुस्तीमुळे सगळ्यांनाच थोडी मोकळीक होती. अख्खी शिफ्ट जमली. मॅनेजरसाहेब छत्री घेऊन उभे. दादूस एका उपड्या ड्रमवर बसून शेजारच्याशी वडापावची पैज लावत होता, बहिणीच्या बाजूने.

यमुनाताई शेवटच्या बादलीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात वर केला. पंप सुरू झाला.

शेवटची बादली भराभर भरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती भरून वाहायला लागली. तिच्या अलीकडचीही वाहायला लागली. आणि पहिल्या टोकाला, साहेबांच्या पायाशी, लहान मुलाने नळ अर्धवट सोडावा तशी बारीक धार. टाळ्या हळूहळू थांबल्या. साहेबांनी छत्री मिटली. दादूस ड्रमवरून उठला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

यमुनाताईंनी धाडधाड पहिल्या बादलीशी येऊन त्या बारीक धारेखाली तळहात धरला. मग शेवटाला जाऊन तिथं धरला. पुन्हा पहिल्याशी. कोट, ड्रेस, बूट सगळं ओलं. आम्हाला वाटलं बाई आता रडतात. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा असा फुललेला होता की मला तो आजही दिसतो.

"दादूस," त्या अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडल्या, "आगरात पाणी चालतंय रे. हितं धावतंय."

मग साहेबांना समजावून सांगायला सुरुवात झाली, आणि ती खरं म्हणजे आम्हा सगळ्यांसाठीच होती. मिठागराच्या उघड्या चरात पाणी संथ असतं, पुढे जाता जाता मंदावतं, शेवटच्याला कमी पडतं. इथं पाइप बंद, अरुंद, मागून पंपाचा रेटा. एसटी स्टँडवर गाडी लागली की धावत सुटलेला माणूस पहिल्या दारात वळतो का? रेट्यात पुढे जातो, शेवटी भिंतीला आपटतो, आणि तिथं गर्दी होते. तसं पाणी पहिल्या नळ्या ओलांडून धावतं आणि टोकाला जाऊन दाब धरतं. म्हणजे इतके दिवस उपाशी होते ते पहिले सेल. शेवटच्यांचं पोट भरलेलंच होतं, आणि आपण त्यांनाच मोठं तोंड दिलं. हे सगळं त्या इतक्या उत्साहात सांगत होत्या की जणू परीक्षा पास झाली होती.

साहेब म्हणाले की ते ठीक, पण दुरुस्तीचे दिवस संपत आलेत. काय करणार?

पाण्याला चालायला लावायचं, त्या म्हणाल्या. मुख्य पाइप चांगला रुंद घ्यायचा, म्हणजे त्यातलं पाणी संथ होईल. आणि प्रत्येक नळीला छिद्र बारीक, सगळ्यांना अगदी एकसारखं. पाणी आपल्या मर्जीने कुठं फार, कुठं थोडं शिरू शकणार नाही. त्या बारीक छिद्राशी प्रत्येक ठिकाणी तेवढंच झगडावं लागेल. रस्ता रुंद, दारं बारीक. साहेबांनी पंपाकडे बघितलं आणि विचारलं की मग पंपाला जास्त जोर लागेल, वीज जास्त जाईल, त्याचं काय.

"जाईल," यमुनाताई म्हणाल्या. "सारखं वाटायचं तर कुणाला तरी घाम गाळावा लागतो, साहेब. फुकटात ते कुठंच होत नाय."

साहेब मोठ्या पाइपच्या मागणीवर सही करायला निघून गेले.

सलीमभाईंची समजूत काढणं त्याहून अवघड गेलं. मोठं छिद्र लहान करता येत नाही, म्हणजे आधीचं सगळं काम पाण्यात. त्यांनी आपल्या देखण्या चकत्या एका तारेत ओवून दुकानाच्या दाराला टांगल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. पण नव्या केल्या, आणि यमुनाताई पुन्हा त्याच स्टुलावर. या वेळी प्रत्येक चकती दुसरीसारखी आहे की नाही यावरून दोघांचं इतकं वाजलं की शेजारच्या पंक्चरवाल्याला मध्यस्थी करावी लागली.

दुसऱ्या परीक्षेला गर्दी कमी होती. आशा सोडलेले लोक उन्हात उभे राहत नाहीत. यमुनाताई या वेळी पहिल्या बादलीशी उभ्या राहिल्या. पंप सुरू झाला, आणि सगळ्या बादल्यांमध्ये पाणी एकसाथ चढायला लागलं. पहिल्या, मधल्या, शेवटच्या. डोळे खाली-वर करून थकलो, पण बोटभर फरक सापडेना. अंगणात काय होतंय ते कळताच माणसं कँटीनमधून, गोदामातून, गेटवरून धावत आली. आचाऱ्याने झाऱ्याने बादल्या वाजवायला सुरुवात केली. मी पेणचा सुशिक्षित माणूस, लॅबचा पांढरा कोट घातलेला, तिथं नाचलो. हे मी कुणाला सांगत नाही, पण नाचलो.

नव्या हॉलमध्ये ती रचना बसली. यमुनाताईंनी प्रत्येक सेलला तपासणीसाठी स्वतंत्र तोटी लावून घेतली, म्हणजे सरासरीचं नावच नको. हॉल सुरू झाला तेव्हा मी प्रत्येक तोटीचं पाणी घेऊन लॅबमध्ये बसलो. मीठ मोजताना थेंब थेंब औषध टाकत जायचं आणि पिवळ्या पाण्याला विटकरी छटा आली की थांबायचं. पहिल्या सेलला जिथं छटा आली तिथंच दुसऱ्याला आली. तिसऱ्यालाही. यमुनाताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या आणि प्रत्येक छटेला माझ्या पाठीत एक गुद्दा घालत होत्या. शेवटच्या नमुन्यापर्यंत माझी पाठ कामातून गेली होती.

गणपतीच्या तोंडावर सेल उघडले. हेड ऑफिसचे दोन साहेब बघायला आले होते. पडदे एकेक करून बाहेर काढून उजेडात धरले. स्वच्छ. एकालाही फोड नाही. यमुनाताईंनी मीटिंगच्या भाषेत त्यांना सगळं समजावून सांगितलं, एकही ‘नाय’ येऊ दिला नाही. ते गेल्यावर मागच्या अंगणात जाऊन एकट्याच रडल्या. आम्ही खिडकीतून बघितलं आणि कुणी तिकडे गेलं नाही.

दुसरा संच यायला, बसायला बराच काळ गेला, पण तो आला. पाऱ्याचा हॉल बंद केला त्या दिवशी साहेबांनी स्विच ओढायचा मान यमुनाताईंना दिला. त्यांनी दादूसला पुढे केलं. त्याने दोन्ही हातांनी तो खाली ओढला. वर्षानुवर्षं कानात बसलेला तो गुरगुराट थांबला, आणि आम्ही एकमेकांशी उगाचच ओरडून बोलत राहिलो, कारण हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. आत काम करणारे सगळेच गोदामात, पॅकिंगमध्ये, नव्या हॉलमध्ये गेले. कुणाच्याही जागी दुसरा गेला नाही.

हात हळूहळू बरे होतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पूर्वीसारखे होतील असं ते म्हणाले नव्हते. मी मधल्या काळात नोकरी बदलली आणि यमुनाताईंशी भेट रस्त्यात झाली तरच. दादूसचं कसं काय, असं विचारायचं माझ्या ओठांवर यायचं आणि मी पावसाबद्दल बोलायचो.

मग एका वर्षी गणपतीच्या आधी मी हमरापूरला आमची मूर्ती आणायला गेलो. मेव्हण्याच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आतल्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात, दादूस बसला होता. उजव्या हातात कुंचला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. समोर एक मूर्ती. तो श्वास रोखायचा, रेघ ओढायचा, थांबायचा. मी हाक मारली नाही. यमुनाताई त्याच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि अवाक्षर बोलत नव्हत्या. केस बरेच पिकले होते.

डोळे आखून झाले. एक डोळा पूर्वीसारखा, आपल्याकडे बघणारा. दुसरा किंचित वर गेलेला, आणि त्याची कड थोडी कापलेली. मेव्हण्याने मूर्ती उचलून बघितली आणि विकायच्या फळीवर न ठेवता मागे ठेवली. नंतर दुरुस्त करून घेऊ, असं हळूच मला म्हणाला. यमुनाताईंनी ऐकलं. त्या सरळ मागे गेल्या, ती मूर्ती उचलली आणि हीच माझी, असं सांगून टाकलं. मेव्हणा म्हणाला, ताई, तुमची ती मोठी वेगळी ठेवलीय. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पेणला परत आम्ही एकाच मिनिडोर रिक्षात बसलो. मूर्ती त्यांच्या मांडीवर, तोंडावर रुमाल, घरी पाटावर बसेपर्यंत काढायचा नाही म्हणून. फाट्यावर एक म्हातारा चढला, भाजीची पिशवी सांभाळत समोर बसला. यमुनाताईंनी रुमाल वर केला. म्हाताऱ्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, डोळे सारखे नाय वाटत, बाय.

"माझ्या दादूसनं काढलेत," यमुनाताई म्हणाल्या.

रुमाल खाली आला. पुढे गाडी थांबली, एक बाई दोन पोरांना घेऊन आत शिरली आणि सगळ्यांना सरकवून बसली. ती नीट टेकली न टेकली तोच यमुनाताईंनी पुन्हा रुमाल वर केला.